पाटी कोणती उचलायची? ट्रॉलरवरच्या मासळीचा नमुना आणि मोजदाद

पहाटे पाचला ससून डॉकवर उभं राहिलं की डोळे भरून मासळी दिसते. पण समुद्रातून निघाली ती सगळी मासळी ही नव्हे. ही फक्त बर्फात बसून धक्क्यापर्यंत पोचलेली. आठ-दहा दिवसांच्या फेरीत खलाशांनी फावड्याने परत पाण्यात लोटलेला बारीक ढोमा, चिरडलेले खेकडे, कोणी विकत न घेणारा केंड, बशीएवढी पाकटं यांचा धक्क्यावर मागमूसही नसतो. लिलावाच्या वहीत ती येत नाहीत आणि विचारलं तर तांडेलालाही, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्यालाही, नेमकं सांगता येत नाही. त्यांची नोंद करायची तर माणसाला बोटीवरच जावं लागतं. जगात अनेक देशांत त्यासाठी नेमलेले निरीक्षक असतात. हिंदी महासागरातल्या ट्यूना पकडणाऱ्या २४ मीटर आणि त्याहून लांब बोटींच्या किमान ५ टक्के कामावर निरीक्षक असावा, असा तिथल्या ट्यूना आयोगाचा नियम आहे. जाळं ओढत नेणाऱ्या आपल्या ट्रॉलरवर असा माणूस क्वचितच चढतो, आणि चढला तर तो बहुधा एखाद्या अभ्यासासाठी आलेला विद्यार्थी किंवा सहाय्यक असतो. हा लेख त्याच्यासाठी आहे.

माझ्या पहिल्या फेरीत जाळ्याचा खोला, म्हणजे मासळी जमणारी टोकाची पिशवी, डेकवर सुटला, गुडघाभर ढीग पडला आणि मी फळी-पेन्सिल घेऊन नुसता बघत राहिलो. तांडेल केबिनमधून ओरडला, "मास्तर, सगला मोजाचा हाय का?" सगळा मोजायचा नसतो. थोडाच मोजायचा, पण तो थोडा भाग कोणता, हे आपल्या हाताला ठरवू द्यायचं नाही. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

निघण्यापूर्वी

बोट मिळवणं हे अर्धं काम. नाखव्याशी, म्हणजे बोटीच्या मालकाशी, आधी बोला, तांडेलाशी वेगळं बोला. बोट नाखव्याची असली तरी समुद्रात शब्द तांडेलाचा चालतो. दोघांच्या मनात एकच प्रश्न असतो: हा माणूस लिहून नेणार ते कोणाला दाखवणार? त्याचं उत्तर स्पष्ट द्या आणि पाळा. बोटीचं नाव अहवालात येणार नाही, जाळं कुठे टाकलं ते शेजारच्या बोटीला कळणार नाही. कोळंबी कुठे लागली ही बातमी समुद्रात पैशासारखी असते. धक्क्यावर चहा पिताना ती तुमच्या तोंडून निसटली तर पुढच्या वेळी कोणी बोटीवर घेणार नाही.

कागदपत्रांत हयगय नको. २००८ च्या नोव्हेंबरातल्या हल्ल्याचे अतिरेकी मासेमारी ट्रॉलर ताब्यात घेऊन मुंबईकडे आले होते. तेव्हापासून बोटीवरच्या अनोळखी माणसाकडे तटरक्षक दल आणि सागरी पोलीस बारकाईने बघतात. ओळखपत्र, संस्थेचं पत्र आणि बोटीवरच्या माणसांच्या यादीत तुमचं नाव, एवढं असल्याशिवाय पाय ठेवू नका. कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी डब्यात. आणि १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना बंदी असते, तेव्हा कामाचं वेळापत्रक त्याप्रमाणे आखा.

सामान फार लागत नाही. ५० किलोचा एक ताणकाटा आणि ५ किलोचा एक, लांबी मोजायची फळी (एका टोकाला उभी पट्टी ठोकलेली), खेकड्यांसाठी व्हर्निअर, पाण्यात न विरघळणारा कागद, पेन्सिली, खुणेच्या प्लास्टिक पट्ट्या, झिपच्या पिशव्या, जाड हातमोजे, लाइफ जॅकेट. पेन नेऊ नका, ओल्या कागदावर ते दगा देतं. वजन माहीत असलेली एक वस्तूही न्या, दोन किलोचं दुकानातलं वजन उत्तम. रोज सकाळी ते काट्याला लावून बघायचं. खाऱ्या हवेत स्प्रिंग लवकर बिघडते, आणि बिघडलेला काटा तसं सांगत नाही. उलटीची गोळी बोट हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, बंदर सोडण्याआधीच घ्या.

घरीच एक काम उरकून ठेवा, त्याला मी सगळ्यांत जास्त महत्त्व देतो. चिठ्ठ्या टाकून एक यादी बनवा: कोणकोणत्या ओढी मोजायच्या, आणि प्रत्येक ओढीत कितव्या क्रेटपासून सुरुवात करायची. जाळं टाकून, ओढून वर घेण्याच्या एका फेरीला मी इथे ओढ म्हणतो आहे. यादी समुद्रावर बनवायला गेलात तर थकलेलं मन नेमकी सोयीची ओढ निवडतं.

कोणती ओढ मोजायची

ट्रॉलर रात्रंदिवस चालतो. दोन ते चार तासांची एक ओढ धरली तर दिवसाला चार-पाच ओढी सहज होतात. एकट्या माणसाने सगळ्या मोजायच्या ठरवल्या तर तिसऱ्या दिवशी तो आकडे नव्हे, झोप लिहीत असतो. म्हणून दोनातली एक किंवा तीनातली एक, आधी ठरवलेल्या यादीनुसार.

इथे लोक दोन ठिकाणी घसरतात. एक, दिवसाच्याच ओढी मोजतात. रात्री कोळंबी वेगळी लागते, मासे तळापासून वर-खाली होतात, त्यामुळे रात्र सोडली तर अर्धा समुद्र सोडला. दुसरं, फेरीच्या सुरुवातीलाच हौसेने सगळं मोजतात आणि शेवटी ढेपाळतात. यात एक खास मुंबईची गोम आहे. फेरीच्या पहिल्या दिवसांत कुटा, म्हणजे फिशमीलच्या कारखान्याला जाणारा बारीक माल, बहुतेक पाण्यात जातो, कारण बर्फ आणि जागा त्याच्यावर खर्च करणं परवडत नाही. शेवटच्या दोन-तीन दिवसांत तोच कुटा जपून ठेवतात. तो तेवढे दिवस टिकतो आणि त्याचे चार पैसे येतात. म्हणजे एकाच बोटीवर, त्याच खलाशांच्या हातून, सोमवारी फेकलेली मासळी पुढच्या रविवारी मालात मोजली जाते. फक्त सुरुवात मोजली तर फेकलेला माल फुगतो, फक्त शेवट मोजला तर तो नाहीसा होतो. म्हणून यादी फेरीच्या तिन्ही भागांवर पसरलेली असली पाहिजे.

वगळलेल्या ओढींचीही नोंद ठेवायची: वेळ, खोली, ठिकाण आणि अंदाजे किती क्रेट. वेळ धरताना नियम एकच असावा. दोर सोडून विंचचा ब्रेक लागला ती सुरुवात, विंच गुंडाळायला लागला तो शेवट. काही जण जाळं पाण्यात पडल्यापासून धरतात, काही जाळ्याचं तोंड उघडं ठेवणाऱ्या फळ्या वर आल्यावर संपवतात. कोणताही नियम चालेल, पण मध्येच बदलू नका, कारण ताशी किती किलो हा आकडा याच वेळेने भागून निघतो.

खोला सुटल्यावर पहिली पाच मिनिटं

जाळं वर आलं, खोल्याची गाठ सुटली, माल डेकवर पसरला. आता खलाशी वेचायला बसतील आणि पहिला हात पापलेटला, दुसरा मोठ्या कोळंबीला जाईल. त्यांचं पोट त्यावर आहे, त्यात चूक काही नाही. पण त्यांचा हात लागल्यानंतर घेतलेला नमुना हा उरलेल्या मालाचा नमुना होतो. म्हणून ढीग पडला की तुम्हाला पाच मिनिटं मिळाली पाहिजेत, आणि हे तांडेलाशी बंदरातच ठरलेलं हवं. डेकवर मागायला गेलात तर मिळत नाहीत.

या पाच मिनिटांत आधी मोठे आणि विरळ जीव बघा. कासव, मोठी मुशी, लांज, मोठं पाकट, मोठी घोळ. जे संपूर्ण ओढीत एक-दोनच असतं ते नमुन्यात सापडेल किंवा सापडणार नाही, आणि सापडलं तर गुणाकारात एकाचे पाच होतील. अशांची मोजणी पूर्ण करायची, एकूण एक. नमुना फक्त मुबलक असलेल्यांचा. हा फरक लक्षात न ठेवल्यामुळे बिघडलेली कितीतरी कोष्टकं मी बघितली आहेत. एका ओढीत पाच कासवं असं लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात कासव एकच होतं.

कासव जिवंत असेल तर ते तुमच्या मोजपट्टीच्या आधी. सावलीत ठेवा, अंगावर ओलं फडकं टाका. निपचित असलं तरी मेलं असं समजू नका. पोटावर ठेवून मागची बाजू वीतभर उंच करा, म्हणजे फुफ्फुसातलं पाणी निघतं, आणि काही तास वाट बघा. सोडताना इंजिन न्यूट्रलवर हवं. समुद्री कासवं, देवमासा, करवत मासा हे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. अशा जीवाला सोडवताना जाळं कापावं लागलं तर महाराष्ट्रात २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळण्याची योजना २०१८ पासून आहे. मात्र त्यासाठी फोटो किंवा व्हिडिओचा पुरावा लागतो. तांडेलाला हे माहीत नसेल तर सांगा. निरीक्षक बोटीच्या उपयोगी पडला की त्याच्या पाच मिनिटांना कोणी हरकत घेत नाही.

समुद्री साप मात्र तुमच्या कामाचा नाही. मुंबईच्या जाळ्यांत ते नेहमी येतात आणि ते विषारी असतात. आकड्याने उचलून बाहेर टाकू द्या, लांबून मोजा आणि वहीत आकडा लिहा. शिंगाळ्याचे तीन काटे आणि पाकटाच्या शेपटीतला काटा हातमोजाही भेदतो. काटा लागलाच तर सोसवेल तितक्या गरम पाण्यात हात बुडवून धरा, वेदना उतरते.

नमुना

आता मुख्य काम. ढिगात माल एकसारखा मिसळलेला नसतो. करंदी आणि जवळ्यासारखं बारीक खाली झिरपतं, पाकटं आणि जेलीफिश वर राहतात, बोट एका कुशीवर झुकलेली असेल तर गोल मासे घरंगळून त्या बाजूला जमतात. वरची एक पाटी उचलली तर वरचाच हिशोब लागतो.

सगळ्यांत चांगली पद्धत अशी. खलाशी ढीग वेचायला घेण्याआधी तो न निवडता क्रेटमध्ये भरायचा, क्रेट भरतील तशा त्यांना क्रमांक द्यायचे, आणि यादीतल्या क्रमांकाच्या क्रेट बाजूला काढायच्या. बाकीच्या लगेच वेचायला मोकळ्या. समजा पाचातली एक घ्यायची आहे आणि चिठ्ठीत ३ आकडा आला. मग तिसरी, आठवी, तेरावी, अठरावी. तेरावीत नुसता चिखल आणि जेलीफिश आला तरी तेरावीच. चौदावीकडे नजर गेली की काम बिघडलं.

धक्क्यावरची मोजणीही याच तत्त्वावर चालते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे लोक ससून डॉक किंवा भाऊच्या धक्क्यावर पद्धतशीर नमुना घेतात: १५ पर्यंत बोटी आल्या तर सगळ्या बघायच्या, २० ते २९ असतील तर दोनातली एक, ५० आणि पुढे पाचातली एक. बोटीच्या जागी क्रेट घाला, डेकवरचा नियम तयार. माल कमी असेल तर वाटा मोठा घ्या, माल जास्त असेल तर लहान.

तांडेल क्रेट भरू देत नसेल (मोठी ओढ असेल, दुसरं जाळं टाकायची घाई असेल) तर दुसरा मार्ग. ढिगाच्या पाच ठिकाणांहून, वरपासून डेकच्या फळीपर्यंत सरळ खाली फावडं घालून एकेक पाटी भरा. ठिकाणं आधी ठरवलेली हवीत: चार कोपऱ्यांजवळ एकेक आणि मध्ये एक. या पाट्या एकत्र करून ताडपत्रीवर पसरा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, दोन परत करा. नमुना अजून मोठा वाटला तर पुन्हा चार भाग. धान्याच्या पोत्याचा नमुना काढणाऱ्याला ही पद्धत सांगावी लागत नाही.

एका ओढीचा हिशोब

आकडे घेऊनच बोलू. समजा तीन तासांची ओढ आहे. दोन मोठ्या घोळी वेगळ्या काढून तोलल्या, १४ किलो. उरलेला माल २० क्रेट भरला. आपल्या चार क्रेट तोलल्या. रिकाम्या क्रेटचं वजन २ किलो, ते वजा करून निव्वळ वजनं आली २६.४, २४.८, २७.१ आणि २५.७ किलो. बेरीज १०४. चारांची सरासरी २६, म्हणून वीस क्रेटचे ५२० किलो. त्यात १४ मिळवले की ओढ ५३४ किलोची, ताशी १७८ किलो.

आता चारही क्रेट जातींनुसार वेचल्या. बोंबील ३१.२ किलो, ढोमा २०.८, करंदी १५.६ आणि मिसळ कुटा ३६.४. वीसातल्या चार घेतल्या, म्हणजे प्रत्येक आकड्याला पाचाने गुणायचं: बोंबील १५६ किलो, ढोमा १०४, करंदी ७८, कुटा १८२.

इथे थांबून चारही क्रेटमधले बोंबील वेगवेगळे बघा: ९.२, ६.१, ८.४, ७.५. नुसती पहिली क्रेट घेतली असती तर ओढीत १८४ किलो बोंबील निघाले असते, नुसती दुसरी घेतली असती तर १२२. मासळी तीच, जाळं तेच. म्हणूनच चार क्रेट, आणि म्हणूनच प्रत्येक क्रेटचा आकडा स्वतंत्र लिहायचा. आधीच बेरीज करून टाकली तर अंदाज किती डळमळीत आहे हे नंतर कोणालाच काढता येत नाही. चार क्रेट मिळून एक मोठी क्रेट होत नाही, हे माझ्या लक्षात यायला दोन फेऱ्या गेल्या.

करंदी नग म्हणून मोजायची असेल तर १५.६ किलो मोजत बसू नका. नीट मिसळून अर्धा किलो वेगळी काढा, ती मोजा. ४१० नग आले तर किलोला ८२०, आणि ७८ किलोला ६३,९६०. अहवालात "सुमारे ६४ हजार" लिहा. शेवटच्या आकड्यापर्यंतची अचूकता अर्ध्या किलोच्या मोजणीतून येत नाही.

एक ताळा घ्यायची सवय लावा. वेचण्याआधी डेकवरचा ढीग फळ्यांच्या चौकटीत असेल तर त्याची लांबी, रुंदी आणि चार-पाच जागी खोली मोजा. २ मीटर गुणिले १.५ मीटर गुणिले सरासरी ०.२ मीटर, म्हणजे ०.६ घनमीटर. त्याच मालाने २० लिटरची बादली भरून तोला. १७ किलो भरली तर घनमीटरला ८५० किलो, आणि ढीग ५१० किलोचा. क्रेटवरून ५२० आले होते. दोन्ही रस्ते एवढे जवळ आले की रात्री झोप लागते. शंभरेक किलोचा फरक पडला तर आधी काटा तपासा, मग क्रेट मोजताना चुकलात का ते.

हलत्या बोटीवर तोलण्याचंही एक तंत्र आहे. काटा बोटीच्या मध्यावर टांगा, टोकाला हेलकावा जास्त असतो. बोट लाटेच्या तळाशी असताना काटा जड दाखवतो, माथ्यावर असताना हलका. सुई सर्वांत वर आणि सर्वांत खाली जाते ते दोन आकडे बघून मधला धरा, असं तीनदा करा. घाईत एकदाच बघून लिहिलेलं वजन बहुधा जड बाजूचं असतं, कारण नजर मोठ्या आकड्यावर अडकते.

फेकलेला माल

ज्यासाठी बोटीवर आलात ते हे. खलाश्यांना विनंती करा: फेकायचं ते थेट फावड्याने लोटू नका, एका ठराविक पाटीतून टाका. तुम्ही फक्त पाट्या मोजायच्या आणि दर पाचवी तोलायची. त्यातूनच थोडा भाग वेचून जाती लिहायच्या. पाटी पटापट रिकामी होते तेव्हा मनात मोजू नका. खिशात वीस खडे ठेवा आणि प्रत्येक पाटीला एक खडा दुसऱ्या खिशात. हसू येईल, पण मध्येच कोणी चहा विचारला तरी आकडा सुटत नाही.

फेकलं का, तेही एका शब्दात लिहा. फार लहान, चिरडलेलं, बाजारात मागणी नाही, जागा नाही. २०२३ साली महाराष्ट्राने ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवून दिली, पापलेटची १३५ मिलिमीटर. त्याहून लहान मासा पाण्यात गेला की मालात, हा प्रश्न आता फक्त अभ्यासाचा राहिलेला नाही. तुमच्या वहीत दोन्ही रकाने हवेत. मात्र तुम्ही पोलीस नाही. तांडेलाला कायदा ऐकवायला लागलात तर पुढच्या ओढीपासून लहान मासा तुमच्या नजरेआड फेकला जाईल.

लांबी

लांबी सगळ्यांची एकाच प्रकारे मोजत नाहीत. पापलेट, बांगडा, सुरमई अशा शेपटीला खाच असलेल्या माशांची तोंडापासून खाचेपर्यंतही मोजतात आणि शेपटीच्या टोकापर्यंतही. कोणती घेतली ते दर पानावर लिहायचं. किमान लांबीशी ताडायची असेल तर अधिसूचनेत जी सांगितली आहे तीच घ्या. बोंबलाची पूर्ण लांबी, पण तो मऊ असतो, ताणला की लांब होतो, तेव्हा फळीवर फक्त टेकवायचा. वाकटीची शेपटी बहुधा तुटलेली असते, म्हणून तोंडापासून गुदद्वारापर्यंत. कोळंबीची शिंगाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, किंवा फक्त डोक्याच्या कवचाची. शेवंडीची कवचाची. खेकड्याची पाठीची रुंदी. माकळीची पाठीकडच्या पिशवीची लांबी, भुजा सोडून. पाकटाची पंखांची रुंदी.

तोंड बंद करून उभ्या पट्टीला टेकवा आणि खालच्या पूर्ण सेंटिमीटरला लिहा. १७.९ असेल तरी १७. वर ढकलायची सवय लागली की सगळी मासळी कागदावर मोठी होते. प्रत्येक मुख्य जातीचे पन्नास ते शंभर नग पुरतात, पण ते ओळीने घ्या. सुंदर, सरळ, हातात बसणारा मासा आधी उचलावासा वाटतो, आणि तो नेहमी सरासरीपेक्षा मोठा असतो.

नावं

इथे मराठीच आपल्याला फसवते. मुंबईत सरंगा म्हणजे मोठं पापलेट, मालवणात अनेक जण हलव्याला सरंगा म्हणतात. ढोमा हे एका जातीचं नाव नाही, सारखे दिसणारे कितीतरी मासे त्यात बसतात. म्हणून खलाशी म्हणतात ते नाव लिहाच, पण त्यापुढे शास्त्रीय नाव स्वतः ओळखून. ओळखता आलं नाही तर "अनोळखी १" लिहा, शेजारी मोजपट्टी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, पट्टी बांधून बर्फात ठेवा आणि परतल्यावर एखाद्या जाणकाराला दाखवा. मुंबईत त्यासाठी लांब जावं लागत नाही, वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. अंदाजाने लिहिलेलं शास्त्रीय नाव "अनोळखी"पेक्षा वाईट, कारण ते खरं वाटतं.

डोळ, पर्ससीन आणि इतर जाळी

डोळ हे एका जागी बांधलेलं पिशवीसारखं जाळं भरती-ओहोटीच्या प्रवाहावर उभं राहतं आणि पाणी फिरण्याआधी उचलतात, त्यामुळे तुमची वेळही घड्याळावर नाही, पाण्यावर. उधाणाला (अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) माल जास्त, भांगाला (अष्टमीच्या लहान भरतीला) कमी, म्हणून दोन्ही आठवडे बघा. जवळ्याच्या ढिगात मगभर नमुना पुरतो, पण मग पाच जागी घालावा लागतो. पर्ससीनमध्ये, म्हणजे थव्याला घेरून खालून आवळणाऱ्या जाळ्यात, माल मोठ्या पळीसारख्या जाळ्याने उचलून घेतात. पळ्या मोजा आणि ठरलेल्या क्रमांकाच्या पळीतून एक क्रेट घ्या. वाहत्या जाळ्यात मासे एकेक करून वर येतात, तेव्हा कडेला उभं राहून नग मोजणं सोपं. पण वर येता येता सुटून पाण्यात पडलेले मासेही मोजायचे असतात, आणि ते बघायला नजर डेकवर नाही, पाण्यावर हवी.

वही

रोजचं रोज, झोपण्याआधी. दुसऱ्या दिवशी आठवून लिहिलेली ओढ टाकून द्या. चूक झाली तर खोडरबर नको, एक रेघ मारा आणि शेजारी लिहा. शून्य आणि रिकामी जागा यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मुशी बघितली आणि नव्हती, तिथे शून्य. बघितलीच नाही, तिथे आडवी रेघ. तुम्ही उलट्या करत पडला होतात आणि ती ओढ हुकली, तर "हुकली" लिहा. त्यात लाज नाही. संध्याकाळी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा.

धक्क्यावर परत

बोट ससून डॉकला लागली की काम संपलं असं वाटतं. थांबा, लिलावापर्यंत थांबा. समजा फेरीत ४० ओढी झाल्या आणि तुम्ही १२ मोजल्या. त्या बारांतला ठेवलेला माल बेरजेने १,५०० किलो असेल तर चाळिसांचा अंदाज ५,००० किलो. ओढी लहान-मोठ्या असतील तर ओढींच्या संख्येऐवजी ओढण्याच्या एकूण तासांनी वाढवा, ते जास्त विश्वासाचं. आता धक्क्यावर प्रत्यक्ष उतरलेल्या क्रेट मोजा, दहातली एक तोला. ४,६०० भरले तर चारशे किलो कुठे गेले? बर्फात मासळीचं पाणी सुटतं. खलाशांनी रोज खाल्लं. घरी न्यायचा वाटा पिशव्यांतून आधीच उतरला. हे सगळं विचारून लिहा. मग जो फरक उरेल तो तुमच्या नमुन्याचा, आणि तो किती हे कळण्यासाठीच तुम्ही उन्हात, मासळीच्या वासात, सामान खांद्यावर घेऊन अजून उभे आहात. पिशव्यांची चौकशी करताना आवाज जरा खाली ठेवा, नाखवा तिथेच असतो.